फिल्टर घेण्याआधी आपले पाणी ओळखा

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुंबईच्या उपनगरातील एका चाळीत आजारी मुलाला भेटायला गेलो होतो. मुलगा आठ वर्षांचा. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात त्राण नाही. डॉक्टरांनी कावीळ सांगितली होती. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. दहा बाय पंधराच्या त्या खोलीत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारच्या भिंतीवर पाणी शुद्ध करण्याचे नवेकोरे यंत्र टांगलेले होते. बारा हप्त्यांवर घेतलेले; सात हप्ते अजून फेडायचे होते.

ती माउली आम्हाला म्हणाली, "भाऊ, पोटाला चिमटा काढून मशीन घेतली. मग माझ्या पोराला कावीळ झालीच कशी?"

प्रश्न रास्त होता. आम्ही जरा खोलात जाऊन विचारपूस केली. चाळीला पाणी पहाटे तासभर येते. यंत्र एक हंडा पाणी देताना दोन-तीन हंडे पाणी मोरीत सोडते, म्हणून ते दिवसातून एकदाच चालवायचे. त्यातले पाणी नवऱ्याच्या बाटलीत जाई, पाहुण्यांच्या पेल्यात जाई. मुले मात्र खेळून धापा टाकत आली की मोरीजवळच्या पिंपात पेला बुडवून पाणी पीत. त्याच पेल्याने, त्याच हातांनी. कावीळ त्या पिंपातूनच आली असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. शाळेतले पाणी होते, रस्त्यावरचा बर्फाचा गोळाही होता. पण घरातले महागडे यंत्र त्या मुलाच्या ओठांपर्यंत पोहोचलेच नव्हते, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्यातले क्षार मोजण्याचे पेनाएवढे यंत्र घेऊन पुन्हा गेलो. नळाच्या पाण्यात क्षार शंभराच्याही खाली निघाले. म्हणजे जे यंत्र मुख्यतः क्षार काढण्यासाठी बनवलेले असते, ते क्षार नसलेल्या पाण्यासाठी या कुटुंबाच्या गळ्यात मारले गेले होते. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, आणि अशाच हजारो घरांसाठी, हा लेख आम्ही लिहीत आहोत.

पाण्यातली घाण तीन प्रकारची

भगिनींनो, दुकानात जाण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. पाण्यातली घाण तीन प्रकारची असते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे असतात.

पहिली घाण डोळ्यांना दिसते. गढूळपणा, माती, गंज, शेवाळ. ती गाळून किंवा निवळून जाते.

दुसरी डोळ्यांना दिसत नाही. ते जंतू. कॉलरा, विषमज्वर, जुलाब, हगवण हे आजार जंतूंमुळे होतात. कावीळ ज्या 'ए' आणि 'ई' विषाणूंमुळे होते, ते तर जिवाणूंपेक्षाही कितीतरी बारीक. यातील 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ज्या घरात लेक किंवा सून पोटुशी आहे तिथे पाण्याबाबत जराही हयगय नको. जंतू उकळल्याने, क्लोरीनने किंवा अतिनील किरणांनी मरतात.

तिसरी घाण पाण्यात विरघळलेली असते. मीठ, चुना, फ्लोराइड, नायट्रेट. ती फडक्याने गाळली जात नाही आणि उकळल्याने नाहीशी होत नाही. उलट पाणी आटले की फ्लोराइड आणि नायट्रेट अधिकच दाट होतात. यांच्यासाठीच 'आर.ओ.' नावाचे यंत्र आहे. ते अतिशय बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलते आणि क्षार मागे ठेवते.

आता विचार करा. ज्या घरच्या पाण्यात जंतूंची भीती आहे पण क्षार नाहीत, त्या घराने आर.ओ.साठी कर्ज का काढावे?

विक्रेत्याची करामत

दारावर येणारा विक्रेता मोठा गोडबोल्या असतो. तो दोन पेले मागतो. एकात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत विजेच्या तारांना जोडलेल्या लोखंडी कांड्या बुडवतो. मिनिटा-दोन मिनिटांत आपला पेला तांबडा-काळा होतो, वर घाणेरडा साका येतो. त्याचा पेला मात्र तसाच नितळ. घरातली बाई घाबरते. "हे पाणी पाजता तुम्ही लेकरांना?" असे तो विचारतो आणि सहीचा कागद पुढे करतो.

यातले इंगित साधे आहे. पाण्यात थोडे जरी क्षार असले तरी त्यातून वीज वाहते आणि लोखंडाची कांडी झिजून तिचा गंज पाण्यात उतरतो. तो तांबडा साका त्याच्याच कांडीचा असतो. आर.ओ.च्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि गंज सुटत नाही. या खेळातून पाण्यात जंतू आहेत की नाहीत, याचा काडीचाही पत्ता लागत नाही.

दुसरी गंमत क्षार मोजण्याच्या त्या पेनाची. त्यावर दिसणाऱ्या आकड्याला टी.डी.एस. म्हणतात. विक्रेता म्हणतो, "ताई, तुमचा आकडा नव्वद, आमचा वीस!" पण नव्वदही उत्तमच असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरे पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत. शिवाय हे पेन जंतू मोजत नाही. गटाराचे थेंब मिसळलेले पाणीही त्यावर 'चांगले' दिसू शकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सरकारला सांगितले होते की जिथे क्षार ५०० च्या खाली आहेत तिथे आर.ओ.च्या वापरास बंदी घालावी. पाण्याची नासाडी हे त्यामागचे मोठे कारण होते. साधे घरगुती आर.ओ. एक लिटर पाणी देताना सुमारे तीन लिटर वाया घालवते. रोज दहा लिटर प्यायला हवे तर तीस लिटर मोरीत. म्हणजे दोन हंडे! ज्या मायबहिणी पहाटे चारला उठून नळावर रांग लावतात, त्यांना या दोन हंड्यांची किंमत आम्ही सांगायला नको. हे पाणी वाया घालवूही नका. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी ते लादी पुसायला, संडासात ओतायला वापरावे.

आपले पाणी कोणते?

मुंबईला पाणी येते ते भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांतून. भांडुप आणि पांजरापूर येथे ते गाळून, क्लोरीन मिसळून सोडले जाते. त्यात क्षार फार थोडे असतात. धरणाचे किंवा नदीचे पाणी शुद्धीकरण करून देणाऱ्या इतर शहरांतही क्षारांचा प्रश्न सहसा नसतो. पण केंद्रातून निघालेले स्वच्छ पाणी आपल्या हंड्यात पडेपर्यंत स्वच्छ राहते का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या वस्त्यांत नळाच्या वाहिन्या गटाराला चिकटून, कधी गटारातूनच गेलेल्या असतात. पाणी तासभर येते आणि बाकी वेळ वाहिनी रिकामी. रिकाम्या वाहिनीत दाब नसतो. तेव्हा फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी धुण्याभांड्याला घ्या, पिण्याचे नंतर भरा. पाण्याला वास आला, रंग आला, चाळीत दोन-चार घरी एकदम जुलाब लागले तर वाहिनी फुटली असे समजून त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या.

बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीखालचे पाणी मुळातच खारट. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त सापडते. त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे अधू होतात. अशा ठिकाणी कँडलचा फिल्टर कामाचा नाही. तिथे आर.ओ. चैन ठरत नाही. मात्र घरोघरी यंत्र घेण्यापेक्षा गावाने मिळून एक बसवणे, किंवा धरणाचे नळपाणी मागून घेणे परवडते.

पाणी तपासून घेता येते. ग्रामीण भागात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच कोण, आणि त्यांत आपल्या वस्तीतली एक तरी आहे का, हे ग्रामसभेत विचारा. पाण्याच्या सुरक्षिततेवरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. तेही दाखवायला सांगा. पाण्यात क्लोरीन आहे का, हे पाहण्याची ओ.टी. चाचणी तर मिनिटाची आहे. थेंब टाकले की पाणी पिवळे होते. नळाच्या टोकाला, शेवटच्या घरात ती चाचणी करायला लावा. शेवटचे घर बहुधा आपलेच असते.

खिशाप्रमाणे पायऱ्या

आता खर्चाकडे वळू. किंमती दुकानागणिक बदलतात. आम्ही अंदाज देत आहोत.

पहिली पायरी फडक्याची. जुनी, धुतलेली सुती साडी चार पदरी करून पाणी गाळा. हसण्यावारी नेऊ नका. बांगलादेशातील खेड्यांत तळ्या-नदीचे पाणी असे गाळल्याने कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्यावर आले, असा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला आहे. पण फडके सगळे जंतू अडवत नाही. ते पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे. फडके रोज धुवून उन्हात वाळवा.

दुसरी पायरी उकळण्याची. खळखळून उकळी आली की पाण्यातले रोगजंतू मरतात. विषाणूही मरतात. दहा मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. खळखळ उकळी येऊन मिनिटभर राहिली की पुरे. झाकण ठेवून उकळा, झाकूनच निवू द्या. मात्र फुकट काहीच नसते. आमच्या हिशोबाने रोज दहा लिटर पाणी उकळले तर गॅसचे एक सिलिंडर तीन-चार महिन्यांत त्यातच संपते. वर्षाला तीन-चार सिलिंडर! 'उकळणे स्वस्त' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करून पाहावा. घरात तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल, साथ आली असेल, तर हा खर्च करावाच. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हाही पाणी उकळून प्या, असेच सांगण्यात आले होते.

तिसरी पायरी क्लोरीनची. औषधाच्या दुकानात क्लोरीनचे थेंब आणि गोळ्या मिळतात. साथीच्या काळात आरोग्य केंद्रातूनही वाटतात. पाकिटावर लिहिलेले प्रमाण पाळा, ढवळा आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळून घ्या किंवा गाळा. खर्च अगदी थोडा. थोडा वास येतो, पण तो वास म्हणजे राखणदार आहे असे समजा.

चौथी पायरी स्टीलच्या कँडल फिल्टरची. दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो, वीज लागत नाही, वर्षानुवर्षे टिकतो. चांगली कँडल गढूळपणा आणि बहुतेक जिवाणू अडवते. विषाणू मात्र तिच्यातून निसटतात. म्हणून कावीळीच्या साथीत कँडलचे पाणीही उकळावे, किंवा खालच्या भांड्यात क्लोरीनचे थेंब टाकावेत. कँडल आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने साध्या पाण्याखाली घासा, साबण लावू नका. तडा गेलेली कँडल त्याच दिवशी काढून टाका. त्या चिरेतून सगळे पाणी न गाळता खाली जाते. आमच्या मते धरणाचे नळपाणी पिणाऱ्या, हातावर पोट असणाऱ्या कुटुंबासाठी कँडल आणि क्लोरीन ही जोडी सर्वांत परवडणारी आहे.

पाचवी पायरी वीज न लागणाऱ्या, क्लोरीनची कांडी किंवा बारीक नळ्यांची जाळी असलेल्या फिल्टरची. हे दोन-तीन हजारांच्या घरात मिळतात. घेताना एकच प्रश्न विचारा : "आतली कांडी किती लिटर चालते आणि नवी कितीला?" दीड हजार लिटरची कांडी रोज दहा लिटरप्रमाणे पाच महिने चालेल. म्हणजे वर्षाला दोन-तीन कांड्या. तो खर्च झेपत असेल तरच घ्या.

सहावी पायरी अतिनील किरणांच्या यंत्राची, म्हणजे यू.व्ही.ची. ते जिवाणू-विषाणू दोन्ही मारते, क्षार तसेच ठेवते आणि आर.ओ.सारखे पाणी वाया घालवत नाही. पण पाणी नितळ हवे, वीज हवी. जिथे पाण्याच्या वेळेलाच वीज जाते, तिथे ते निरुपयोगी.

सातवी आणि शेवटची पायरी आर.ओ.ची. क्षार ५०० च्या वर असतील किंवा तपासणीत फ्लोराइड-नायट्रेट निघाले असेल तरच. घेताना यंत्राची किंमत विचारून थांबू नका. वर्षाची दुरुस्ती, गाळण्या आणि पडदा बदलण्याचा खर्च कागदावर लिहून मागा. कोणतेही यंत्र घ्या, आय.एस.आय. चिन्ह पाहा, पावती घ्या आणि सुटे भाग आपल्या बाजारात मिळतात का हे आधी बघा. ज्याची कांडी वेळेवर बदलली जात नाही, तो फिल्टर जंतूंचेच घर होतो.

फिल्टरनंतरची काळजी

शुद्ध केलेले पाणी घाण भांड्यात भरले तर सगळी मेहनत वाया. तोंड अरुंद, खाली तोटी असलेले भांडे सर्वांत चांगले. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि ते वेगळ्या खिळ्याला टांगा. पेला पाण्यात बुडवायचा नाही, हा नियम घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना. भांडे रोज रिकामे करून घासा; शुद्ध पाणी दोन-दोन दिवस साठवू नका. संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. आणि घरातले चांगले पाणी पाहुण्यांआधी लेकरांना द्या!

गाळणी मागणाऱ्याला नाही म्हणू नये

पाणी गाळून पिण्याचा विचार आपल्याला नवा नाही. भिक्खूच्या अष्ट परिक्खारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा यांच्यासोबत पाणी गाळण्याचे साधन आहे. पालीत त्याला परिस्सावन म्हणतात. पाण्यातल्या बारीक जिवांची हत्या होऊ नये, हा त्यामागचा हेतू. विनयपिटकात एक हकिगत आहे. दोन भिक्खू प्रवासात होते. एकाजवळ गाळणी होती, दुसऱ्याजवळ नव्हती. मनात राग धरून पहिल्याने मागूनही गाळणी दिली नाही आणि दुसरा तहानेने मेला. तेव्हा भगवंतांनी नियम घातला की वाटेत गाळणी मागणाऱ्या भिक्खूला ती नाकारू नये. गाळणी जवळ नसेल तर चीवराच्या टोकाने पाणी गाळून घ्यावे.

आणि पाण्याच्या 'शुद्धी'चा दुसरा अर्थही आपल्या समाजाने सोसला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो बांधवांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, ही ती समजूत. मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा आपला हक्क मान्य केला तो १७ मार्च १९३७ रोजी; पूर्ण दहा वर्षांनी. आपण मात्र पाण्याची शुद्धता तपासणीने ठरवावी. कोणाच्या भीतीने नाही, कोणाच्या गोड बोलण्याने नाही.

म्हणून आमची दोन मागणी-वजा सूचना आहेत. एक, प्रत्येक बुद्धविहाराने तोटी असलेला एक मोठा फिल्टर बसवावा आणि त्याच्या कँडली बदलण्याची पाळी महिला मंडळाने घ्यावी. ज्या घरी फिल्टर नाही त्या घरातली मुले तिथून बाटली भरून शाळेत जातील. दोन, घरात फिल्टर आला म्हणून नगरपालिकेचे दार ठोठावणे सोडू नये. स्वच्छ पाणी देणे हे पालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. गळकी वाहिनी बदलून मागा. आपला फिल्टर म्हणजे छत्री. छप्पर गळत असेल तर ते शाकारावेच लागते.

त्या चाळीतला मुलगा दोन महिन्यांत बरा झाला. त्याच्या आईने पिंपाला झाकण केले, तोटीची एक कळशी घेतली आणि पेल्याला खिळ्यावर जागा दिली. या सगळ्याला यंत्राच्या एका हप्त्याइतकाही खर्च आला नाही. चाळीतल्या अकरा कुटुंबांनी सह्या करून वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला आहे. गटारातून गेलेली वाहिनी अजून बदललेली नाही. ती बदलेपर्यंत त्यांनी अर्जाचा पाठपुरावा सोडू नये, आणि आपणही आपल्या वस्तीत अशी एक तरी सही मिळवावी, एवढेच आमचे सांगणे. जयभीम!